डायनामोच्या मागं

अहो, टॉर्चचे सेल बदलले मी.

गेले चार-पाच रविवार तुम्ही सांगत होतात, उजेड पिवळा पडलाय, नवे सेल आण. मी दर वेळी "आणते" म्हणायची. भाजी, दळण, लाइटबिल सगळं आठवायचं, नेमके सेल विसरायची. तुम्ही गेलात गुरुवारी. शनिवारी घर माणसांनी भरलेलं असताना मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातनं दोन सेल घेऊन आले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं सुमन, आत्ता काय नडलं होतं?" मी म्हणाले, उद्या रविवार आहे. त्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. कंपनीत क्वालिटीला तुम्ही किती कडक होतात, केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचात, कुणाचा फुकटचा चहासुद्धा घ्यायचा नाहीत. मी मान हलवते. पण चित्त तिथं नसतं. मनात एकच किडा वळवळतोय, की तुम्ही गेलात ते फसलेले गेलात का? इतकी वर्षं दर रविवारी पोर्चमध्ये कंबर मोडेस्तोवर वाकून तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर शोधलंत, ते उत्तर तुमच्या शेजारी टॉर्च धरून उभं होतं. आपल्या मोटारीचं, मैनाचं, इंजिन बदललेलं आहे, हे मला ठाऊक होतं. कुणी बदललं, कधी, कशापायी, सगळं ठाऊक होतं. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

दुपारी जेवण झालं की डोळा लागतो. मग तुम्ही दिसता. म्हणजे तुम्ही नाही, तुमचे पाय. मैनाच्या खालनं बाहेर आलेले, त्या तपकिरी सपाता घातलेले. मी विचारते, "अहो, बाहेर येता का, जेवण गार होतंय." आतनं नुसता हात बाहेर येतो, पाना मागतो. मी पाना देते. पुन्हा हात येतो, पुन्हा देते. देऊन देऊन पाने संपतात, मग मी घरातलं काय काय द्यायला लागते, उलथनं, कात्री, माझं मंगळसूत्र. तुम्ही सगळं आत घेता. आणि आतनं असा छान, गार वारा येत असतो, आडाच्या तोंडाशी बसल्यावर येतो तसा. जाग आल्यावर मी पोर्चमध्ये जाऊन खाली वाकून बघते. खाली ऑइलचा डाग असतो आणि मांजर बसलेलं असतं.

तुम्ही मला बघायला गंगापूरला आलात, तो दिवस या महिन्यात मी किती वेळा घडी मोडून पाहिला! बैठकीत तुमचे आईवडील, आत मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी, आणि मुलाचा पत्ता नाही. तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये मैनाच्या बॉनेटमध्ये डोकं घालून! माझ्या वडिलांची, नानांची, ती हौसेची गाडी. दोनच सीटा, वर छप्पर नाही, बाटलीसारखा हिरवा रंग, सायकलीसारखी तारांची चाकं. छावणीतल्या एका डॉक्टरकडनं नानांनी ती घेतली होती आणि ऊस-कापसाच्या मुलखात असली विलायती पळणारी गाडी पाळणारा एकच वेडा म्हणून नाव कमावलं होतं. सासूबाईंनी तिसरी हाक मारल्यावर तुम्ही आलात, पोहे खाल्लेत, मला दोन प्रश्न विचारलेत आणि माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाहीत. बशी उचलताना मला काठावर काळ्या ऑइलचा अंगठा दिसला. नाना म्हणाले, "पोरगं मोटार तर पसंत करून गेलं. आता पोरीचं काय म्हनतंय बघू." ती बशी मी दुसऱ्या दिवशीपर्यंत धुतली नाही, हे काही तुम्हाला कधी बोलले नाही.

आणि त्या दिवशी तुम्ही जे इंजिन डोळे भरून बघत होतात, ते मैनाचं नव्हतंच.

दोन वर्षं आधीची गोष्ट. माझ्या चुलतभावाचं लग्न. वरात मैनातनंच काढायची म्हणून तो हटून बसला. वैशाख, संध्याकाळ झाली तरी भिंती तापलेल्या. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी मंडळी, आणि मागनं मैना, माणसाच्या चालीनं. अहो, वाऱ्यासारखी पळायला जन्मलेली गाडी ती, तिला आम्ही दीड तास गोगलगाय करून चालवली. मारुतीच्या देवळापाशी तिच्या नाकातनं वाफा निघायला लागल्या. नाना मागं पाहुण्यांच्या घोळक्यात. कुणी तरी ओरडलं, पाणी घाला, पाणी! मी करवली म्हणून मिरवत पुढंच होते. देवळाच्या आडातनं नुकतीच शेंदलेली कळशी कट्ट्यावर होती. एकानं गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण काढलं आणि मी ती कळशी ओतली. सगळी. गार पाणी.

टण्ण, असा एक आवाज झाला. बँडच्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला.

इंजिनाचा अख्खा ओतीव ठोकळा, तुम्ही ज्याला ब्लॉक म्हणायचात, तो उभा चिरला होता. बैल जुंपून मैना घरी आणावी लागली. नाना मला एका शब्दानं रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. त्यांनी शहागंजच्या हाशमभाईंना बोलावलं. हाशमभाई तेव्हा तरणेताठे होते. त्यांनी लिलावात निघालेल्या एका सरकारी अँबॅसिडरचं इंजिन आणलं. "नाना, खानदान एकच हाय," ते म्हणाले. "ह्या दोघी चुलत बहिणी. कुनाला कळनार बी नाय." जुन्या इंजिनावरचा नंबराचा बिल्ला काढून नव्यावर मारला, आणि ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेला लाल रंग वरनं फासला. नाना मला शेडमागं घेऊन गेले आणि म्हणाले, "झालं ते झालं. ह्या कानाचं त्या कानाला नाय." फोडलं मी होतं, मग मला तोंड कुठलं?

लग्नानंतर पहिलाच धोंड्याचा महिना आला आणि तुम्हाला जावयाचं वाण घ्यायला बोलावणं गेलं. तेहतीस अनारसे, ताटात दिवा, आणि शेडपुढं झेंडूचा हार घालून उभी केलेली मैना. नाना म्हणाले, "जावईबापू, वान म्हनून मोटार देतो. अस्सल विलायती हाय. कागदावरचा नंबर आन् बिल्ल्यावरचा नंबर, मिळवून घ्या." तुम्ही खरोखरच वाकलात आणि मिळवलात. मिळाला की! मी ताट धरून उभी. दिव्याची वात सारखी हलत होती. नानांनी माझ्याकडं बघितलं नाही, मी नानांकडं बघितलं नाही. मुलगी दाखवायची एक आणि बोहल्यावर उभी करायची दुसरी, असं करणारी माणसं असतात म्हणे. आमच्या घरात मुलगी अस्सल होती, फसवणूक मोटारीत होती.

पण येतानाचा तो रस्ता! अजून डोळे मिटले की मी त्याच रस्त्यावर असते. दोन्हीकडं उसाला तुरे आलेले, सूर्य आपल्या पाठीमागं, आपली सावली पुढं पुढं पळतीय आणि आपण तिला कधीच गाठत नाही. माझ्या मांडीवर अनारशांचा डबा. झाकण सैल होतं, वाऱ्यानं खसखस उडून तुमच्या केसांत, माझ्या पापण्यांवर. तुम्ही काही तरी ओरडून सांगत होतात, मला ऐकू येत नव्हतं, मी नुसती हसत होते. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. वाऱ्यात ते तुम्हाला ऐकू गेलं नसतं, आणि माझं बोलून झालं असतं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तुम्ही म्हणालात, "अगं, ह्या बिल्ल्याला तांब्याचे रिव्हेट कसे?"

हाशमभाईंनी ते शेजारच्या तांबटाकडनं घेतले होते, पाण्याच्या बंबाला मारतात तसले. मी म्हणाले, "विलायतेत तांबं स्वस्त असेल." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि नुसतं "हं" म्हणालात.

दुसऱ्या रविवारी, "हा लाल मला ट्रॅक्टरचा वाटतोय." मी म्हणाले, लाल तो लाल. मग तुम्हाला नादच लागला. पातळ कागद धरून ओतीव आकड्यांवर पेन्सिल घासून ठसे घ्यायचे, कुठल्या कुठल्या जुन्या पुस्तकांशी ते ताडून बघायचे, ओळखी काढून परदेशात पत्रं धाडायची. माझ्या पावडरच्या डबीतला आरसा उचकटून तुम्ही तारेला बांधलात. मी आठ दिवस धुसफुसत होते, तर नवी डबी आणलीत आणि तिचाही आरसा काढलात! आणि मला टॉर्च धरायला उभं केलंत. साडेनऊ ते अकरा. पोरी झाल्या, मोठ्या झाल्या, सासरी गेल्या, पण रविवारचे साडेनऊ ते अकरा ठरलेले.

आणि मी? चोराच्या मनात चांदणं. हाशमभाईंनी बोलता बोलता सांगून ठेवलं होतं की इथल्या, म्हणजे अँबॅसिडरच्या देशी कारखान्याची ओतीव अक्षरं डायनामोच्या मागं आहेत, तेवढी घासून काढायची राहिली. त्यामुळं तुमचा हात डायनामोकडं गेला की माझा टॉर्च हळूच बाजूला सरकायचा. तुम्ही म्हणायचात, "उजेड इकडं धर की." मी म्हणायची, हात दुखतोय. मग तुम्ही लगेच म्हणायचात, "बरं, राहू दे, बस तू." आणि शेवटी कापडाला हात पुसत, दर रविवारी, न चुकता विचारायचात, "तुला काय वाटतं, कुठलं असेल?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," मी म्हणायची. "चहा टाकते."

आपलं भांडण कधी मिटलंच नाही. पुण्याहून ते जुन्या गाड्यांचे शौकीन आले होते, आठवतंय? त्यातला एक जाडजूड गृहस्थ बॉनेटमध्ये बघून म्हणाला, इंजिन बदललेलं निघालं तर गाडीत राम नाही. माझं टाळकंच सरकलं. मी म्हणाले, "तुम्ही मघाशी सांगितलंत ना, गुडघ्याच्या वाट्या बदलल्यात म्हणून? मग काय, वहिनींनी घरात घेतलं नाही का तुम्हाला?" ते गेल्यावर तुम्ही पोट धरून हसलात आणि मग एकदम गंभीर झालात. म्हणालात, "पण सुमन, ओळख पटायला नको?" मी म्हणाले, चालतंय ना? मग बस्स. तुम्ही म्हणालात, चालतंय म्हणून ओळख नको, असं कसं? एवढ्यावरनं आपण तीन दिवस बोलत नव्हतो. पुढं तुमच्या छातीत डॉक्टरांनी त्या दोन स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा मी दवाखान्यातच म्हणाले, "घ्या, आता तुम्हीसुद्धा अस्सल राहिला नाहीत." नर्स हसली. तुम्ही नळ्या लावलेल्या हातानं मला जवळ बोलावलंत आणि कानात म्हणालात, "चालतंय ना?" मी तेव्हा हसले. माझंच वाक्य तुम्ही मला परत का दिलंत, याचा विचार मी केला नाही.

आणि तुमचे ते ठिपके! कंपनीत तपासून पसंत झालेल्या मालावर रंगाचा ठिपका द्यायची सवय, ती घरीही. लग्नातलं लोखंडी कपाट, शिलाई मशीन, जातं, सगळ्यांवर पिवळा ठिपका. थोरली झाली तेव्हा तिच्या टाचेवरसुद्धा एक दिला होतात, तीट म्हणून. ती बालवाडीत जायला लागली तेव्हा तुम्ही नोकरी बदललीत. नव्या कंपनीत हिरवा रंग. त्यानंतरच्या सगळ्या वस्तूंवर हिरवा. कुकर, फ्रीज, मिक्सर. पाहुणे विचारायचे, हे काय? मी म्हणायची, आमच्या घरात साहेबांनी पास केल्याशिवाय काही चालू होत नाही.

शेवटचा रविवार मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. तुम्हाला उभं राहवत नव्हतं. मी खुर्ची आणून मैनाजवळ ठेवली. बॉनेट उघडलं, पण तुम्ही काहीच केलं नाहीत, नुसता मडगार्डवर हात ठेवून बसलात. ऊन पोर्चच्या पायरीवरनं आत येत होतं, तुमच्या मांडीवर पडलं होतं. तुम्ही तो प्रश्न विचारलात, मी ते उत्तर दिलं. चहा झाला. मग तुम्ही म्हणालात, "सुमन, एकदा डायनामोच्या मागं बघून घे तू." मी म्हणाले, "मी कशाला? तुम्हीच बघा की पुढच्या रविवारी." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. मला वाटलं, ह्यांच्या लक्षात आलं की आपल्याच्यानं आता होत नाही, म्हणून काम माझ्यावर टाकतायत. चार दिवसांनी तुम्ही गेलात, आणि मी मनाशी म्हणाले, बघ बाई, तेवढी एक जागा तू त्यांना शेवटपर्यंत बघू दिली नाहीस.

आज सकाळी हाशमभाई आले. तुम्ही गेलात तेव्हा ते मुलीकडं बाहेरगावी होते. आता पांढरीशुभ्र दाढी, कानात यंत्र, पायऱ्या चढताना कठड्याला धरतात. बसले, पाणी प्यायले, तुमच्या फोटोकडं बघून डोळे पुसले. मला राहवलं नाही. म्हणाले, "हाशमभाई, खरं सांगा. इंजिनाचं तुम्ही ह्यांना कधी बोललात?"

"अल्ला कसम बाई, एक लफ्ज नाय. नानाला जबान दिल्ती." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पर एक सांगू का? साबनं बी कधी इचारलं नाय. कलच प्लेट म्याच बदलली, ब्रेक म्याच केले, हितं बसून किती डाव चहा पिलो. कधी म्हनले नाय, की हाशम, हे इंजन कुठलं रे. म्या घरी जाऊन बोलायचो, अजीब आदमी है, सारी दुनिया को पूछता है, मेरे को नहीं पूछता."

खरंच की हो. विलायतेला पत्रं घालणारा माणूस, शहागंजात चहा पीत बसलेल्या मेस्त्रीला एका शब्दानं विचारत नाही?

"हाशमभाई," मी म्हणाले, "डायनामो काढता येईल का? आत्ता?"

ते उठले. तुमच्या पेटीतले पाने घेतले. हात थरथरत होते, पण पाना नटावर बसला की थरथर थांबायची. पट्टा सैल केला, बोल्ट काढले. मी नवे सेल घातलेला टॉर्च धरला. साडेदहा वाजले होते. आणि बघा सवय किती वाईट, त्यांनी डायनामो बाजूला ओढला तसा माझा हात आपोआप सरकला.

"बाई, उजेड इकडं," हाशमभाई म्हणाले.

मी उजेड तिकडं नेला. काळं, डांबरासारखं घट्ट झालेलं ऑइल. त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. एक थर गेला, दुसरा गेला. मग ओतीव अक्षरं दिसायला लागली, इथल्या कारखान्याची, ठळक, कुणालाही वाचता येतील अशी. आणि अक्षरांच्या शेजारी एक हिरवा ठिपका. हाशमभाईंनी पुन्हा फडकं फिरवलं, तर हिरव्याच्या बाजूला, आणखी जुन्या मळाखाली, पिवळा.

पिवळा, अहो! म्हणजे थोरली बालवाडीत जायच्या आधी. म्हणजे तांब्याच्या रिव्हेटनंतर फार तर चार-पाच वर्षांत तुम्ही बघितलं होतंत. एकटे, मी माहेरी गेलेली असताना असेल, नाही तर आंघोळीला गेलेली असताना. बघितलंत, ओळखलंत, आणि पास केलंत. मग पुढं कधी तरी पुन्हा तपासलंत आणि पुन्हा पास केलंत.

"काय हाय ते, बाई?" हाशमभाईंनी विचारलं.

"पास," मी म्हणाले, आणि मला जे रडू फुटलं ते तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा फुटलं नव्हतं.

खरं सांगू? आधी राग आला. असा राग आला की तुम्ही समोर असतात तर टॉर्च फेकून मारला असता. इतकी वर्षं मला तिथं उभं केलंत! माझे पाय सुजले, माझ्या दोन डब्यांचे आरसे गेले, मी खोटं बोलून बोलून झिजले, आणि तुम्हाला ठाऊक होतं? मी कोंबडं झाकून बसले होते आणि तुमच्याकडं केव्हाच उजाडलं होतं! पण राग टिकेना. कारण मग एकेक आठवायला लागलं. मी हात दुखतोय म्हटल्यावर तुमचं ते लगेच "राहू दे". पुण्याच्या त्या गृहस्थावर मी तुटून पडले तेव्हाचं तुमचं हसणं. दवाखान्यातलं "चालतंय ना". तुम्ही इंजिन शोधतच नव्हतात. ते तुम्हाला सापडलेलं होतं. तुम्ही दर रविवारी माझ्यासाठी दार उघडून उभे राहत होतात, आणि मी चहा टाकायला पळत होते.

म्हणजे तुम्ही फसलेले गेला नाहीत. वाट बघत गेलात. मला वाटलं होतं हे कळलं की जीव हलका होईल. झालाही थोडा. पण वाट बघत गेलात, हे काही कमी जड नाही हो.

मी हाशमभाईंना म्हणाले, ठिपके पुसू नका. त्यांनी डायनामो जागेवर बसवला, पट्टा ताणला, आणि न विचारता किल्ली फिरवली. महिनाभर उभी असलेली मैना दोनदा खोकली आणि सुरू झाली. तोच आवाज, ज्याला तुम्ही म्हणायचात, आवाजात काही खोट नाही. खोट नव्हतीच. चाळीस वर्षं ती चुलत बहीण ह्या घरात नांदली, कधी तक्रार केली नाही. हाशमभाई हात धुवायला आत गेले. मी माझ्या बाजूचं दार उघडून बसले. तुमची सीट मोकळी. स्टिअरिंगवर तुमचा काळा अंगठा. सगळी गाडी हलकेच थरथरत होती, पोर्चच्या खांबाला लावलेली मधुमालती हलत होती, आणि मला क्षणभर खसखशीचा वास आला. मी डोळे मिटले. उसाचे तुरे, पुढं पळणारी सावली.

एक गोष्ट मात्र हाशमभाईंनाही ठाऊक नाही. नानांनी त्यांना सांगितलं होतं की कुण्या वऱ्हाड्यानं पाणी घातलं. मला झाकलं त्यांनी. त्यामुळं तुम्ही कितीही तपासलंत तरी ते तुम्हाला कुठल्याच अक्षरांत सापडलं नसणार. ते माझ्यापाशीच राहिलं.

तुम्ही हात पुसताय. कापड खांद्यावर टाकलंत. आता विचारणार.

"तुला काय वाटतं, कुठलं असेल?"

अँबॅसिडरचं आहे हो. आणि पहिलं मी फोडलं. वरातीत, गार पाणी ओतून.

थांबा, चहा टाकते.